जे लागलं त्यालाही पट्टी

वन्संनी त्या घराला एक नियम लावून दिला होता. ज्याला लागलं त्याला पट्टी, आणि जे लागलं त्यालाही पट्टी. म्हणजे भिंगरी पळता पळता टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली की आधी भिंगरीच्या कपाळाचं बघायचं, आणि मग तेवढ्याच गांभीर्यानं टेबलाचा कोपरा ओल्या फडक्यानं पुसून त्यालाही चिकटपट्टीचा एक तुकडा लावायचा. "बिचाऱ्याला केवढं लागलं असेल," वन्सं म्हणायच्या. "तुझं डोकं काय साधंसुधं आहे?" भिंगरी रडता रडता हसायची आणि प्रकरण तिथेच मिटायचं.

ही भिंगरी म्हणजे सात वर्षांची कार्टी, एका जागी बूड टेकेल तर शपथ. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, घरात ते कोणी वापरत नव्हतं. तिची आई घरी बसून पडदे शिवायची. इमारतीतल्या जवळपास सगळ्या खिडक्यांवर तिचेच पडदे होते, म्हणून आल्यागेल्यांच्या तोंडी ती पडदेवालीच होती. नवरा फर्निचरच्या कारखान्यात कामाला, सकाळी जायचा तो दिवेलागणीनंतरच उगवायचा. आणि वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण. सगळी हयात त्यांनी एका दवाखान्यात लोकांची मलमपट्टी करण्यात घालवली होती. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. नोकरी संपली तेव्हा एक ट्रंक आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन भावाकडे राहायला आल्या. डब्यात बिस्किटं नव्हती, कापूस होता, जाळीच्या कापडाच्या घड्या, स्पिरिट, मलम, चिमटा, कात्री आणि चिकटपट्टीची रिळं होती.

नणंद-भावजयीचं चांगलं जमलं, आणि त्याचं कारण अगदी रोकडं होतं. रक्त दिसलं की पडदेवालीचे हातपाय गळायचे. दिवसभर सुया, टाचण्या आणि हातभर कात्रीच्या सोबतीत बसणारी बाई, पण लाल थेंब दिसला की डोळ्यांपुढे अंधारी. पोरीला खरचटलं की ही तोंड फिरवून हाक मारणार, "वन्सं, बघा हो हिच्याकडे." की वन्सं हजर.

वन्सं आधी स्वतःचे हात साबणानं धुवायच्या, पोरगी कितीका भोकाड पसरेना. मग गुडघा नळाच्या धारेखाली धरायच्या, चांगला वेळ. साबण जखमेच्या कडेकडेनं, आत नाही. खडा-वाळू अडकली असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या चिमट्यानं अलगद काढायची. मग स्वच्छ कापड दाबून धरायचं, आणि थांबलं का, थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. "दूध आहे का ते, उतू जातंय का बघायला?" शेवटी मलमाचा पातळ हात आणि वर पट्टी. पट्टीचे चारी कोपरे त्या कात्रीनं गोल करायच्या, कारण टोकदार कोपरा कपड्याला अडकतो आणि उचकटतो. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना लाली वाढलीय का, गरम लागतंय का, हे बघायचं, आणि तसं काही दिसलं तर शहाणपणा न करता डॉक्टर गाठायचा. आणि फुंकर मुळीच घालायची नाही. "तोंडात काय औषध भरलंय तुझ्या? फुंकलंस की तोंडातली सगळी घाण जखमेत." नेमकी तीच खोड पडदेवालीला होती. तोंड फिरवण्याआधी ती एक फुंकर मारायचीच. आईचा जीव, दुसरं काय सुचणार?

"शिकून घे गं," वन्सं म्हणायच्या. "मी काय जन्माला पुरणार आहे?"

"तुम्ही आहात ना," पडदेवाली म्हणायची आणि मशीन चालू करायची.

एकदाच विपरीत घडलं. भिंगरीनं गिऱ्हाइकाच्या तयार पडद्यावर शाई सांडली. पडदेवालीचा राग मुळातच नाकावर, त्यात रात्रंदिवस खपून केलेलं काम. हात उठला तो थेट गालावर. चार बोटं उठली. पोरगी रडलीसुद्धा नाही, नुसती आईकडे बघत राहिली. वन्संनी गार पाण्याची घडी तिच्या गालावर धरली. मग डबा घेऊन भावजयीसमोर बसल्या, तिचा उजवा हात ओढून घेतला, साबणाच्या पाण्यानं पुसला, आणि चारही बोटांना, नखांच्या जरा खाली, एकेक पट्टी गुंडाळली. तोंडातून चकार शब्द काढला नाही. पडदेवालीला शरमेनं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या पट्ट्या तिनं दिवसभर काढल्या नाहीत, सुई धरता येत नव्हती तरी तशीच शिवत बसली. तिच्या आईचा हातही असाच चालायचा. आपण तशा व्हायचं नाही, असं तिनं लहानपणी उशीत तोंड खुपसून ठरवलं होतं. त्या दिवसानंतर तिनं पोरीवर हात उगारला नाही. पण तो पुन्हा कधीतरी उठेल ही धास्ती कायमची मनात घर करून बसली.

मग वन्सं गेल्या. जेवून दुपारच्या आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. डबा कपाटावर चढवून ठेवला गेला.

महिना झाला असेल नसेल, एके सकाळी टेबलाच्या कोपऱ्याला पट्टी दिसली. नवी कोरी, पांढरी. पडदेवालीला वाटलं, हे भिंगरीचे उद्योग, आत्याची आठवण आली असेल. तिनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंगरी खाली पडलेलं खोडरबर उचलायला वाकली, उठताना त्याच कोपऱ्यानं भुवईवर चीर गेली. नवरा घरी होता म्हणून निभावलं. रात्री टेबल पुसताना पडदेवालीच्या मनात आलं, पट्टी तर आधीपासूनच आहे. पण मनात आलेलं सगळंच कोणी धरून बसत नाही.

पुढची पट्टी न्हाणीघराच्या कडीवर आली. बारकी, नखाएवढी. संध्याकाळी नवऱ्याचा अंगठा त्याच कडीत चिमटला, नखाच्या कडेला रक्त आलं. पडदेवालीनं ती पट्टी त्याच्या अंगठ्याशेजारी धरली. जेवढी जखम तेवढीच पट्टी, दोराभर कमी नाही की जास्त नाही. आणि चारही कोपरे गोल कापलेले. भिंगरीची शाळेची कात्री एवढी बोथट की कागद कापताना कागदच दमायचा.

"तू लावलीस का गं ही?" तिनं विचारलं.

"नाही," भिंगरी पायमोजे ओढत म्हणाली. "आत्यानं लावली असेल." शेजारच्या काकू येऊन गेल्या हे सांगावं इतक्या सहज ती म्हणाली.

तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं, आणि नवरे म्हणतात तेच म्हणाला. "अगं, झोपेत तूच लावत असशील. दमतेस किती." तिनं डबा कपाटात कोंडला आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. आता बघू म्हणाली. बघायचं ते दुसऱ्याच आठवड्यात बघितलं. पट्टी तिच्या कापड कापायच्या कात्रीवर होती, पात्याच्या आतल्या बाजूला, चांगली बोटभर. कुलूप जागेवर, किल्ली गळ्यात, आणि कात्रीला स्पिरिटचा वास.

पडदेवाली काही लेचीपेची नव्हती. तिनं कात्री जुन्या चादरीत गुंडाळली आणि पलंगाखालच्या खोक्यात पार तळाशी घातली. दिवसभर तिकडे फिरकली नाही. म्हटलं, हातच लावला नाही तर कापणार कसं? संध्याकाळी थंडी वाजली म्हणून भिंगरीसाठी चादर ओढून काढली. खोक्यातून चादर सुटली, घडीतून कात्री सुटली, आणि तळहातावर बोटभर लांब चीर पडली. ती मटकन खाली बसली. भिंगरीनं तिला हाताला धरून नळापाशी नेलं. "आधी मी माझे हात धुते," ती म्हणाली. "मग तुझा. तू तिकडे बघ." आत्याचं सगळं पोरीनं जसंच्या तसं उचललं होतं. आई मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

त्या दिवशी तिला दोन गोष्टी कळल्या. पट्टी लागली की ती वस्तू लागणार, आणि त्यातून सुटका नाही. लपवली तर लपवलेल्या जागेवरून लागेल. ती रोज सकाळी उठून घर तपासू लागली. दाराच्या कडा, खिडकीच्या कड्या, गॅसची शेगडी, मशीनची सुई. पट्टी नाही दिसली की जीव भांड्यात पडायचा, तेवढ्यापुरता. बरेच दिवस काहीच झालं नाही. न होण्यानंही माणूस पिचतो. भिंगरी नुसती धप्प करून खुर्चीवर बसली तरी हिच्या काळजात धस्स व्हायचं. पोरीवर खेकसणं वाढलं. नको पळू, नको चढू, ठेव ते खाली. आवाज चढला की तिचा तिलाच तो आपल्या आईचा आवाज वाटायचा.

आणि मग ती दुपार. खिडकीत ऊन होतं, मांडीवर अर्धा शिवलेला पडदा होता, आणि तिला बसल्या बसल्या डुलकी लागली. जाग आली ती हाताला गार लागलं म्हणून. उजवा हात ओलसर होता. साबणाचा वास येत होता. कोणीतरी बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा नीट पुसून घेतला होता, आणि चारही बोटांना, नखांच्या जरा खाली, पट्ट्या होत्या.

घरात ती एकटी होती, दार आतून लावलेलं होतं, कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं. न्हाणीघरातला नळ थेंब थेंब गळत होता, नुकताच कोणी बंद केल्यासारखा.

टेबल लागलं होतं, कडी लागली होती, कात्री लागली होती. आता तिचा हात लागणार होता. कोणाला, हे सांगायची गरज नव्हती. मागच्या वेळी ह्याच चार पट्ट्या होत्या आणि ह्याच चार बोटांचे वळ पोरीच्या गालावर होते. पण वन्सं गेल्यापासून लागलेल्या प्रत्येक पट्टीमागून रक्त आलं होतं. ह्या वेळी रक्त येणार होतं. म्हणजे आपण पोरीला एवढं मारणार? कशापायी? आपल्याच हाताकडे ती परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत राहिली. नखं जरा वाढलेली होती. टाके उसवायला बरी पडतात म्हणून ती वाढवायची. पट्ट्या ओढून काढायची हिंमत झाली नाही.

शाळा सुटायची वेळ झाली. तिनं तो हात अंगावरच्या जाकिटाच्या खिशात कोंबला आणि मनाशी पक्कं केलं, आज पोरीला शिवायचं नाही. काहीही होवो. नवरा येईपर्यंत हा हात खिशातच राहील. कात्री लपवून काय झालं ते ठाऊक होतं, तरीसुद्धा. बुडत्याला सुचतं तेच तिला सुचलं, आणि ती जिना उतरून खाली गेली.

फाटकातून भिंगरी उधळत आली आणि सवयीनं आईचा उजवा हात शोधू लागली. मिळाला नाही. पडदेवालीनं डाव्या हातानं तिचं दप्तर घेतलं आणि म्हणाली, "माझं जाकीट धरून चाल." रस्ता ओलांडताना पोरगी एकदम गप्प होती. गप्प भिंगरी म्हणजे काय चीज असते हे पडदेवालीला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

"आई, मी काही केलंय का?"

"नाही गं."

"मग हात का लपवलायस?"

"दुखतोय."

"दाखव. मी धुते."

"नको म्हटलं ना." आवाज चढलाच. भिंगरीनं जाकीट सोडलं आणि इमारतीत शिरून धाडधाड जिना चढत गेली.

त्या इमारतीचा जिना मधोमध मोकळा होता. वरून वाकून पाहिलं की थेट तळमजल्याची फरशी दिसायची. कठडा लाकडी, वापरून वापरून गुळगुळीत झालेला, आणि त्यावरून घसरायची भिंगरीची जुनी खोड. शिव्या खाऊनही सुटली नव्हती. वरच्या वळणावरून सुटायची ती खालच्या वळणाला आईच्या हातात. आई ओरडायची, पण झेलायची. वर तिसऱ्या मजल्यापर्यंत हे असंच चालायचं.

पडदेवाली जड पावलांनी दुसऱ्या मजल्याच्या वळणाशी पोचली तेव्हा भिंगरी वर कठड्यावर बसलेली होती. रुसवा निघावा म्हणूनच बसली होती. आईनं झेललं की सगळं ठीक आहे, एवढाच तिचा हिशोब.

"उतर खाली," पडदेवाली म्हणाली. "आज नाही, उतर."

पण ती सुटली होती. वळणाशी जिथे रोज आईचा हात असायचा तिथे आज तो नव्हता. पडदेवालीनं हात खिशात आवळून धरला होता, पोरीसाठीच आवळून धरला होता. भिंगरीनं हवेत चाचपडलं, तोल गेला, आणि ती आईच्या बाजूला न पडता मोकळ्या बाजूला कलंडली.

त्यानंतरचं पडदेवालीला नीट आठवत नाही. डाव्या हातातलं दप्तर गेलं. उजवा हात खिशातून कधी निघाला हे तिनं ठरवलं नव्हतं. चार बोटं पोरीच्या दंडात रुतली, ओझ्यानं कोपरापर्यंत घसरली, आणि तिथे घट्ट बसली. खाली दप्तर आपटल्याचा आवाज आला. तिनं कठड्याला पोट टेकवून, दात खाऊन, पोरीला वर ओढलं. मग दोघी पायरीवर बसल्या.

"आई," भिंगरी म्हणाली, "रक्त."

दंडापासून कोपरापर्यंत नखांचे चार ओरखडे होते. एकेका रेघेवर थेंब जमत होते. पडदेवालीनं तोंड फिरवलं नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली, तिनं ती येऊ दिली, आणि अंधारी ओसरल्यावर पुन्हा ओरखड्यांकडेच बघितलं. पोरीला कडेवर घेऊन ती घरी गेली.

आधी स्वतःचे हात. साबण लावता लावता बोटांवरच्या पट्ट्या एकेक करून सुटल्या आणि पाण्याबरोबर गेल्या. खालची कातडी पांढरी, सुरकुतलेली होती. दुपारी लावलेल्या पट्ट्यांखाली अशी होत नाही, खूप जुन्या पट्ट्यांखाली होते. तिनं तिकडे फार लक्ष दिलं नाही. पोरीचा हात धारेखाली धरला, चांगला वेळ. साबण कडेकडेनं. स्वच्छ कापड दाबून धरलं आणि उचलून बघितलं नाही. भिंगरी कळवळली तशी सवयीनं तिनं ओठ पुढे केले, फुंकर घालायला. फुंकर निघालीच नाही. ओठांवर दोन गार बोटं टेकली. स्पिरिटचा वास आला, आणि डबा अजून कपाटातच होता.

"मला कळलं, वन्सं," ती हळूच म्हणाली. भिंगरीनं वर बघितलं.

तिनं डबा काढला, मलमाचा पातळ हात फिरवला, पट्ट्यांचे कोपरे गोल कापले. वाकडेतिकडे झाले, पण झाले. मग भिंगरीनं रीळ ओढून घेतलं. "आता तू हात दे. तुझा हात लागलाय ना मला." पडदेवालीनं उजवा हात पुढे केला, आणि पोरीनं चारही बोटांना एकेक पट्टी लावली.

दप्तर आणायला ती खाली उतरली. तळमजल्याच्या फरशीवर ते बरोब्बर मध्ये पडलं होतं. आतला स्टीलचा डबा चेपून चपटा झाला होता. ती तिथेच वाकली आणि शोधू लागली. फरशीवर हात फिरवला. शेवटच्या पायरीची कड बघितली, खांब बघितला, कठड्याचा खालचा गोळा बघितला. पट्टी कुठेच नव्हती. लहानसा तुकडासुद्धा नाही. फरशी लागणार नव्हती. वन्संनी पट्टी लावली होती ती फक्त तिच्या बोटांना. दुपारीच, ती स्वतः हात खिशात कोंबून बसायच्या आधी, वन्संना ठाऊक होतं की हा हात खिशात राहायचा नाही.

पडदेवाली चेपलेला डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि पोटभर रडली.

"एवढा भरवसा होता," ती रिकाम्या जिन्याला म्हणाली, "तर जिवंतपणी सांगायचं होतंत."

वरून भिंगरीची हाक आली. ती डोळे पुसून उठली, दप्तर खांद्याला लावलं आणि चढू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणाशी तिनं आधाराला कठडा धरला. लाकूड ओलं होतं, नुकतंच कोणी फडक्यानं पुसून गेल्यासारखं. तिनं हात काढून घेतला नाही. तशीच कठडा धरून ती वर गेली.